कॅनियनचे फोटो: आधी उजेडाचं वेळापत्रक, मग पार्कांची यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरच्या मध्यात दहा दिवस मोकळे आहेत. अमेरिकेत लास व्हेगासला उतरून झायन, ब्राइस, आर्चेस, कॅनियनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, अँटेलोप आणि ग्रँड कॅनियन असं सगळं एका फेरीत करायचं आहे. फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, १६–३५ आणि ७०–२०० या दोन लेन्स आणि ट्रायपॉड सोबत आहे. कुठे किती वाजता उभं राहावं? आणि अरुंद घळींमधले फोटो एक तर पांढरेफटक नाही तर काळेकुट्ट का येतात?

यादीतली निम्मी नावं आधी खोडा. आर्चेस, कॅनियनलँड्स आणि मॉन्युमेंट व्हॅली ही वेगळी सहल आहे. ती मोआब गावात मुक्काम ठेवून करायची असते आणि त्यासाठी सॉल्ट लेक सिटीला उतरणं सोयीचं, तिथून मोआब गाडीने चार तास. दहा दिवसांत दोन्ही बाजू गाठायच्या म्हटल्या तर रोज तीन-चार तास स्टिअरिंगमागे जातात, आणि ते नेमके पहाटेचे किंवा संध्याकाळचे जातात. वाळवंटातल्या उघड्या दऱ्यांना फोटोजोगा उजेड दिवसातून दोनदा मिळतो, प्रत्येक वेळी तासभर. अरुंद घळीत उलट प्रकार: तिथे काम सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान होतं. त्यामुळे बेत आखताना पार्क मोजू नका. कुठे किती पहाटा आणि किती संध्याकाळी मिळतात ते मोजा.

या हिशेबाने नऊ रात्रींची फेरी अशी बसते. लास व्हेगास ते स्प्रिंगडेल, म्हणजे झायनच्या दारातलं गाव, सुमारे २६० किलोमीटर. तिथे तीन रात्री. स्प्रिंगडेल ते ब्राइस १४० किलोमीटर, बोगद्याच्या रस्त्याने दोन तास, दोन रात्री. ब्राइस ते पेज, म्हणजे अँटेलोपच्या घळीजवळचं गाव, २४० किलोमीटर, दोन रात्री. पेजहून कॅमेरनमार्गे ग्रँड कॅनियनची दक्षिण कड २२० किलोमीटर, दोन रात्री. तिथून व्हेगास ४५० किलोमीटर, साडेचार तास धरा. ग्रँड कॅनियनच्या उत्तर कडेचा विचार या वेळी सोडा. तिथला हंगाम एरवीही ऑक्टोबरच्या मध्याला संपतो, आणि जुलै २०२५च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं आहे.

पैशांचं गणित बदललं आहे, ते नीट पाहून घ्या. १ जानेवारी २०२६पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक माणसाला ठरावीक ११ पार्कांमध्ये नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज १०० डॉलर जादा भरावे लागतात. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन ही तिन्ही त्या यादीत आहेत. अनिवासींचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे आणि तो असेल तर ही जादा रक्कम लागत नाही. तीन पार्क करणाऱ्या एकट्या माणसालाही पासच परवडतो. रहिवाशांचा पास ८० डॉलरचाच आहे, पण त्यासाठी अमेरिकी सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. लोक फसतात ते पुढच्या मुद्द्यावर: हा पास केंद्र सरकारच्या जागांपुरता आहे. अँटेलोप आणि मॉन्युमेंट व्हॅली ही नावाहो या मूळ रहिवासी जमातीची जमीन आहे, हॉर्सशू बेंडचा (पेजजवळचं नदीचं प्रसिद्ध वळण) पार्किंग लॉट पेज नगरपालिकेचा आहे, डेड हॉर्स पॉइंट हे युटा राज्याचं पार्क आहे. या सगळ्या ठिकाणी वेगळे पैसे मोजावे लागतात.

आता घड्याळ. या भागात सहली चुकतात त्यातल्या बऱ्याच घड्याळापायी. युटा राज्य उन्हाळी वेळ पाळतं, ॲरिझोना पाळत नाही, पण ॲरिझोनातला नावाहो प्रदेश पाळतो. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ब्राइस आणि मॉन्युमेंट व्हॅलीचं घड्याळ पेजच्या एक तास पुढे असतं. ऑक्टोबरच्या मध्याला ब्राइसला सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो आणि पेजला साडेसहाच्या. अँटेलोपच्या टूर नावाहो जमिनीवर असूनही पेजच्या वेळेने चालतात. पेजमध्ये फोन कधी पलीकडच्या टॉवरला जोडला जातो आणि आपोआप तासभर पुढे सरकतो. म्हणून फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, टाइम झोन हाताने फिनिक्सचा लावा, आणि गजर त्यावर ठेवा.

आता घळीतल्या फोटोंचा मूळ प्रश्न. अरुंद घळीत, ज्याला तिकडे स्लॉट कॅनियन म्हणतात, थेट ऊन फक्त वरच्या भिंतीच्या कडेला लागतं. तिथून ते समोरच्या भिंतीवर आदळतं, तिथून पुन्हा अलीकडच्या, असं करत खाली उतरतं. तांबडा वाळूखडक प्रत्येक धडकेला निळा भाग गिळतो आणि पिवळा-नारिंगी परत फेकतो. दोन-तीन धडका खाऊन खाली आलेल्या उजेडात भिंत निखाऱ्यासारखी आतून पेटल्यागत दिसते. जिथे हा परतलेला उजेड पोहोचत नाही, फक्त वरच्या फटीतून दिसणाऱ्या आकाशाचा पोहोचतो, तिथे तोच खडक निळसर-जांभळा होतो. नारिंगी आणि जांभळा शेजारी शेजारी येतात ती जागा म्हणजे तुमची फ्रेम.

पांढरंफटक आणि काळंकुट्ट होण्याचं कारणही यातच आहे. ऊन लागलेली वरची कड आणि सावलीतला तळ यांत आठ ते दहा स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कॅमेरा एकाला सांभाळतो तेव्हा दुसरा हातचा जातो. यावर ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम घेणं) आणि एचडीआर (त्या एकत्र जोडणं) हे पहिलं उत्तर सुचतं, पण ते दुसऱ्या पसंतीचं आहे. जोडलेल्या फोटोत उजेडाचा चढउतारच सपाट होतो, आणि घळीत बघायचा असतो तो चढउतार. पहिली पसंती फ्रेम बदलण्याला द्या: आकाशाची फट आणि उन्हाचा पट्टा दोन्ही फ्रेमबाहेर ठेवा. ऊन पडलेली भिंत दिसली की तिचा फोटो काढू नका. तिच्या पुढच्या किंवा मागच्या वळणाआड जाऊन, ती भिंत ज्या भिंतीला उजळवते आहे तिच्याकडे कॅमेरा फिरवा. तिथे फरक चार-पाच स्टॉपवर येतो आणि एका रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, सगळं मावतं. आकाश ठेवलंच पाहिजे अशी रचना असेल तेव्हा दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घ्या आणि वरचा भाग नंतर हाताने मास्क करून बसवा.

सेटिंग्ज, ट्रायपॉड असताना: आयएसओ १००, एफ/११, शटर उजेडानुसार १ ते ८ सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. एफ/२२पर्यंत जाऊ नका, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, खडकाचा पोत मऊ पडतो. १६ मिलिमीटरवर एफ/११ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस लावला की त्याच्या निम्म्यापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं) ८० सेंटिमीटरच्या आसपास येतं, २४ मिलिमीटरवर पावणेदोन मीटर. अंधारात ऑटोफोकस शोधत बसतो आणि एकाच पोताच्या भिंतीवर भलतीकडे अडकतो. तेव्हा टॉर्चच्या उजेडात एकदा फोकस लावा, मॅन्युअलवर टाका, आणि झूम फिरवलात तर परत तपासा. पुढची भिंत लेन्सपासून हातभर अंतरावर असेल तर एका फ्रेममध्ये सगळं स्पष्ट येणार नाही. फोकस सरकवत दोन-तीन फ्रेम घ्या आणि जोडा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची झाक ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवणं ही या जागेतली सर्वांत महाग चूक. कॅमेऱ्याला नारिंगी झाक दिसली की तो तिला दोष समजून पुसतो, आणि पडद्यावर मळकट तपकिरी भिंत येते. मग माणूस घरी सॅच्युरेशन ताणतो आणि फोटो भडक होतो. ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर पक्कं करा. तिथे नारिंगीही राहतो आणि जांभळाही. रॉ असल्याने पुढे बदलता येतं हे खरं, पण जागेवर पडद्यावर रंग खोटा दिसला तर तुम्ही जागा सोडून पुढे जाता, ते नुकसान रॉ भरून देत नाही.

याहून आत दडलेली एक गोष्ट आहे. नारिंगी भिंतीवर लाल चॅनेल इतर दोघांच्या बराच आधी भरतो. नेहमीचा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, व्यवस्थित मध्ये दिसत असतो, हायलाइटचा इशारा लुकलुकत नसतो, आणि तरी लाल उजव्या भिंतीला टेकलेला असतो. घरी आल्यावर सगळ्यांत सुंदर भाग एकसपाट नारिंगी डाग म्हणून निघतो, त्यात खडकाचे थर दिसतच नाहीत. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल टोकाला न टेकेल इतकं एक्स्पोजर खाली आणा. बहुतेक वेळा दोन तृतीयांश ते एक स्टॉप पुरतो.

अँटेलोपला मात्र ट्रायपॉड विसरा. तिथे नावाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि टूरवर ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, पाठीवरची पिशवी यांना मनाई आहे. अप्पर अँटेलोपचे प्रसिद्ध उभे किरण मार्चच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, भर दुपारच्या आसपासच दिसतात. तुम्ही पोहोचाल तेव्हा सूर्य खाली सरकलेला असेल, त्यामुळे अप्परच्या दुपारच्या महाग तिकिटात काही अर्थ नाही. लोअर अँटेलोप घ्या. अप्परची घळ तळाला रुंद आणि माथ्याला चिंचोळी आहे, म्हणून आत अंधार. लोअर माथ्याला उघडत जाते, म्हणून उजेड जास्त आणि जास्त वेळ. सकाळी दहा-अकराची वेळ मागा. लोखंडी जिने उभे आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर मात्र अप्परच बरं, तिथे वाट सपाट आहे. गळ्यात एकच कॅमेरा, १६–३५ लावलेला. आत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर वाळू ओतणं. आयएसओ १६०० ते ३२००, एफ/४ ते ५.६, शटर १/३०. स्टॅबिलायझेशन असेल आणि पाठ भिंतीला टेकवली, कोपरं बरगड्यांशी घेतली, तर १६ मिलिमीटरवर १/८लाही फोटो टिकतो. माणसं फ्रेममध्ये येणारच, म्हणून कॅमेरा डोक्याच्या उंचीच्या वर रोखा. तिथल्या भिंतींचे वळसे तसेही वरच्या निम्म्यातच चांगले आहेत.

निवांत ट्रायपॉड लावायचा असेल तर वायर पास आणि बकस्किन गल्च या घळी बघा. कानाब आणि पेजच्या मधून निघणाऱ्या हाउस रॉक व्हॅली रोडवरून तिथे जातात, वाटाड्या लागत नाही, दिवसाचा परवाना ऑनलाइन मिळतो. वेव्हचं, म्हणजे त्याच भागातल्या लाटांसारख्या वाळूखडकाचं, आकर्षण असेल तर त्याचा परवाना सोडतीनेच मिळतो. दिवसाला फक्त ६४ माणसं किंवा १६ गट, यांपैकी जे आधी भरेल ते. मोठी सोडत चार महिने आधीची, छोटी दोन दिवस आधीची, आणि छोटीसाठी तुमचा फोन प्रत्यक्ष त्या परिसरात असावा लागतो. सोडत लागलीच तर वेव्हला पहाटे पळत जाऊ नका. तिचा खळगा सकाळ-संध्याकाळ अर्धा सावलीत असतो. सावली निघते ती सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत.

झायनच्या नॅरोजला, म्हणजे नदीतून चालत जायच्या अरुंद दरीला, पूर्ण दिवस द्या. शटल चालू असताना झायनच्या मुख्य दरीत खासगी गाडी नेता येत नाही, म्हणून पहिल्या शटलने शेवटच्या थांब्याला, टेंपल ऑफ सिनावावाला उतरा. दीड किलोमीटर पक्की वाट, मग थेट नदीतून चालणं. खालून वर जाऊन त्याच दिवशी परतायचं असेल तर बिग स्प्रिंगपर्यंत परवाना लागत नाही. सुरुवातीपासून चार किलोमीटरवर ऑर्डरव्हिलची घळ उजवीकडून येऊन मिळते आणि पुढे वॉल स्ट्रीट नावाचा सर्वांत चिंचोळा भाग लागतो. अंतर छोटं वाटतं, पण नदीतल्या गोट्यांवरून दोन तास सहज जातात. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की वाट बंद होते. वसंतात बर्फ वितळताना ती आठवडेच्या आठवडे बंद असते, ऑक्टोबरात सहसा उघडी. पाणी मात्र गार असतं. निओप्रीनचे मोजे, घट्ट बुटं आणि लाकडी काठी स्प्रिंगडेलमध्ये भाड्याने मिळतात. काठीवर कंजुषी करू नका, तोल जातो तेव्हा कॅमेरा वाचवते ती काठीच. या नदीत सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जिवाणूंची विषं आढळली आहेत आणि साध्या फिल्टरने ती निघत नाहीत, म्हणून पिण्याचं सगळं पाणी सोबत न्या आणि डोकं पाण्याखाली घालू नका.

पाण्यात ट्रायपॉड लावताना नेहमीची सवय उलटी करा. एरवी पायाचा जाड भाग आधी उघडतात. इथे सर्वांत खालचा बारीक भाग पूर्ण उघडा, म्हणजे त्याचा लॉक पाण्याच्या वर राहतो आणि गाळ आत जात नाही. मधला दांडा खाली, पाय रुंद, प्रवाहाच्या मुख्य धारेपासून बाजूला. पायांना पाणी थरथरवतं, ती थरथर पडद्यावर दिसत नाही, पण दोन सेकंदांच्या फोटोत दगडांच्या कडा दुहेरी येतात. शंका आली तर आयएसओ ४०० करा आणि शटर अर्ध्या सेकंदावर आणा. वाहत्या पाण्याला तेवढं पुरतं, धुक्यासारखं पाणी हवं असा काही नियम नाही. पोलरायझर जपून वापरा. ओल्या दगडाची चमक तो काढतो, पण पाण्यावर पडलेलं सोनेरी प्रतिबिंबही काढतो, आणि वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो. डोळ्याने बघत फिरवा आणि प्रतिबिंब टिकेल तिथे थांबवा.

पुराबद्दल वरवरचं लिहून चालणार नाही. या प्रदेशात माती कमी आणि उघडा खडक जास्त, त्यामुळे पाऊस मुरत नाही, सगळाच्या सगळा घळींत उतरतो. पाऊस तुमच्या डोक्यावर पडावा लागत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटेलोपमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, तेव्हा पाऊस कित्येक मैल दूर, वरच्या पाणलोटात पडला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल घळीत सात जण गेले. पुरांचा जोर जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो, ऑक्टोबरात धोका कमी होतो, पण संपत नाही. झायनसाठी हवामान खातं रोज पुराची शक्यता चार पायऱ्यांत सांगतं: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. "शक्य" म्हणजे लोक "बहुधा नाही" असं वाचतात. घळीत शिरायचं असेल तर पहिल्या पायरीशिवाय आत जाऊ नका, आणि अंदाज बघताना पार्कचा नव्हे, नदीच्या वरच्या अंगाचा रडार बघा. आत असताना पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून येऊ लागली, पातळी बोटभर वाढली किंवा वरून घरघर ऐकू आली तर पिशवी सोडा आणि जवळच्या उंचवट्यावर चढा. खाली पळत बाहेर पडण्याचा प्रयत्न करू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं. चढून दोन-तीन मीटर वर गेलात तरी पाणी ओसरेपर्यंत, प्रसंगी रात्रभर, तिथेच थांबायची तयारी हवी. उबदार कपडा आणि हेडलॅम्प म्हणूनच पिशवीत नव्हे, अंगावर ठेवायचा असतो.

ब्राइस हे सोपं प्रकरण आहे. सुळक्यांचं मुख्य मैदान कड्यावरून पूर्वेला तोंड करून आहे, म्हणून पहाट तिथे, संध्याकाळ नाही. सनसेट पॉइंटच्या नावाला भुलू नका. सूर्यास्ताला मैदान सावलीत जातं. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी ब्राइस पॉइंट किंवा इन्स्पिरेशन पॉइंटला पोहोचा आणि वाइड लेन्सऐवजी ७०–२०० लावा. वाइडने सगळं येतं आणि काहीच दिसत नाही. लांब लेन्सने दहा-बारा सुळक्यांचा तुकडा उचला, ज्यात सूर्य मागून येतो आणि कडा उजळतात. सूर्य वर आल्यावर नाश्त्याला पळू नका. साधारण नऊ वाजता क्वीन्स गार्डनने उतरून नवाहो लूपने वर या, पाच किलोमीटरच्या आतली वाट आहे. सुळक्यांच्या मधे घळीसारखाच परतलेला उजेड असतो आणि वरचे सगळे नियम तिथे लागू पडतात. कडा अडीच हजार मीटर उंचीवर आहे, ऑक्टोबरच्या पहाटे तापमान शून्याखाली जातं. जादा बॅटरी शर्टाच्या खिशात ठेवा, पिशवीत गारठून ती अर्धी होते. दुसऱ्या दिवशीही पहाटे तिथेच जा, ढग वेगळे असतील.

हॉर्सशू बेंडला गर्दी सूर्यास्ताला असते, आणि फोटोच्या दृष्टीने तीच वेळ वाईट: सूर्य समोर, नदी काळी. सकाळी साडेनऊ-दहानंतर नदीच्या पात्रात ऊन उतरतं आणि पाण्याचा हिरवा रंग दिसतो. पूर्ण वळण एका फ्रेममध्ये हवं तर फुल-फ्रेमवर १६ मिलिमीटर किंवा त्याहून वाइड लागतं. कठडा थोड्याच भागाला आहे, बाकी तीनशे मीटर खोल मोकळी धार. वाऱ्यात ट्रायपॉडवर पिशवी लटकवा आणि पट्टा हाताला गुंडाळा.

ग्रँड कॅनियनला फोटो फिके का येतात याचं उत्तर हवेत आहे. दरी सरासरी १६ किलोमीटर रुंद आहे, काही ठिकाणी २९. एवढ्या हवेतून पलीकडची भिंत निळसर आणि फिकट दिसते. सकाळी दहा ते दुपारी चार यांत ती सपाट चित्रासारखी असते, त्या वेळात कॅमेरा बाहेर न काढलेला बरा. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास, आडवा उजेड, आणि एकामागे एक कडे पकडायला १०० ते २०० मिलिमीटर. नदी फ्रेममध्ये हवी तर पूर्वेकडचा लिपान पॉइंट. पश्चिमेच्या उजेडासाठी होपी पॉइंट, जिथे मार्च ते नोव्हेंबर शटलनेच जाता येतं. परतीच्या शटलची वेळ आधी बघा, सूर्यास्तानंतर रांग लांबते. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी आकाशाचा गुलाबी उजेड दरीत उतरतो, तेव्हा बहुतेक लोक गाडीकडे निघालेले असतात. वादळ आलं आणि वीज व गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर कडेवरून मागे व्हा, धातूचा ट्रायपॉड तिथेच सोडून. खाली उतरण्याचा मोह झाला तर एवढं ध्यानात ठेवा: उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट चढायला, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, हे पार्कचंही सांगणं आहे.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि खारट काही खाल्लं नाही तर रक्तातलं सोडियम घसरतं; डोकेदुखी, मळमळ ही तीच लक्षणं असतात, लोक मग आणखी पाणी पितात आणि प्रकार बिघडतो. दर तासाला काहीतरी खारट खा.

कच्च्या रस्त्यांबद्दल: हाउस रॉक व्हॅली रोड, कॉटनवुड कॅनियन रोड, होल-इन-द-रॉक रोड हे कोरडे असताना साध्या गाडीनेही बऱ्याचदा पार होतात, पण खाली चिकण माती आहे. तासभर पाऊस झाला की फोर-व्हील-ड्राइव्हचीही चाकं जागच्या जागी फिरतात. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुतेक वेळा मनाई असते आणि तिथे अडकलात तर विमा हात वर करतो. टाकी अर्धी झाली की भरा, नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि संध्याकाळच्या फोटोनंतर ब्राइस परिसरात गाडी हळू चालवा. हरणं रस्त्यावर असतात.

राष्ट्रीय पार्कांत ड्रोनला २०१४पासून बंदी आहे, नावाहो जमिनीवरही आहे. रात्रीच्या फोटोंसाठी १६ मिलिमीटर, एफ/२.८, आयएसओ ३२०० ते ६४००, १५ ते २० सेकंद. ऑक्टोबरात आकाशगंगेचा गाभा तिन्हीसांजेनंतर थोडाच वेळ नैर्ऋत्येला दिसतो, तेव्हा अंधार पडताच काम उरका. पुढे कधी मोआबला गेलात तर आर्चेस आणि कॅनियनलँड्समध्ये खडकावर टॉर्च मारून फोटो काढायला बंदी आहे, हे ध्यानात असू द्या. कमी चंद्रकोरीच्या रात्री जा, तेवढा उजेड खडकाला पुरतो.

वाटेबाहेर पाय किंवा ट्रायपॉड ठेवताना खाली बघा. मातीवर काळपट, खडबडीत, फुगलेला थर दिसला तर तो सजीव आहे: सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफुलाने माती धरून ठेवलेली असते. एका पावलाने तो मोडतो आणि भरायला वर्षानुवर्षं, काही ठिकाणी दशकं जातात. कोरड्या ओढ्यातून किंवा उघड्या खडकावरून चाला.

रोज रात्री खोलीवर आल्यावर क्रम असा ठेवा. आधी ब्लोअरने कॅमेरा आणि लेन्सच्या कडा फुंका, कापड नंतर. वाळू असताना पुसलं तर ती काचेवर ओरखडे काढते. लेन्स फिरवताना करकर आवाज आला तर फिरवणं थांबवा, झूम रिंग खाली धरून ब्लोअर मारा. नॅरोजहून आल्यावर ट्रायपॉडचे सगळे लॉक उघडून पाय वेगळे करा, बाथरूममधल्या साध्या पाण्याखाली धरा, आणि कोरडे झाल्याशिवाय परत बसवू नका. दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम एफ/१६ला निळ्या आकाशाचा एक फोटो: सेन्सरवरचे डाग तिथे दिसतात, आणि ते ब्राइसला पहाटे दिसण्यापेक्षा आदल्या दिवशी दिसलेले बरे.